सहाव्या वॉलची ओळ

शांतवनभाऊंनी मला ठेवून घेतलं. आधी एवढं सांगते, मग काय झालं ते. माझं असं आहे की सांगता सांगता जीव घाबरा होतो, मधलंच काहीतरी धरून बसते आणि ज्याचं नाव पहिलं घ्यायचं तो माणूस शेवटपर्यंत दाराबाहेर उभा राहतो. तसं नको. शांतवनभाऊ साळवे, आमच्या पाणीयोजनेचे वॉलमन. आणि त्यांच्या शेजारी मार्थामावशी, त्यांची बायको. मावशींना वगळून भाऊंचं नाव घेतलेलं मावशींना चालत नाही, आणि भाऊंना तर त्याहून चालत नाही.

वॉलमन म्हणजे पाणी सोडणारा माणूस. लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर पाच वाड्या मिळून आमची एक योजना आहे. वर टाकी, खाली रस्त्यात पुरलेले नऊ वॉल, आणि सगळ्यात शेवटी सोनूआजीचा नळ. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीइतकी उंच चावी आत सोडायची आणि तिचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून फिरवायचा. किती फेरे फिरवले त्यावर कुठल्या आळीला किती पाणी जाणार ते ठरतं. चौतीस वर्षं भाऊंनी हेच केलं.

ती चावी खांद्यावर टाकून, जरा पुढे वाकून भाऊ सकाळचे उतार चढायला लागले की लांबून बघणाऱ्याला क्रूस वाहून नेणाऱ्या येशूसारखं भलतंच काही वाटायचं. शनिवार-रविवारी पाहुणे येतात ना बंगल्यांवर, त्यातल्या एका बाईंनी एकदा गाडी थांबवली, खाली उतरल्या, डोळे मिटून हात जोडले. भाऊ थांबले. म्हणाले, "ताई, हात मागनं जोडा. आदी वाइच बाजूला व्हा. तुमी झाकनावर हुब्या हायसा."

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ रांगत होता. शाळेला माझी गरज कमी होती, घराला जास्त. लग्न झालं, नवऱ्याला इकडे एका बंगल्यावर रखवालदारी मिळाली, म्हणून आम्ही आलो. बंगल्याच्या मागे एक खोली होती, तेच घर. मग मालकांनी बंगला विकायला काढला. त्याच दिवसांत कळलं की पाणीयोजनेवर ठेक्यानं एक माणूस घ्यायचंय. शांतवनभाऊ मे महिन्यात निवृत्त होणार, त्यांच्या हाताखाली तीन महिने शिकायचं. जमलं तर काम पक्कं आणि टाकीखालची खोली राहायला. एक जरी मोठी तक्रार आली तर सामान उचलून परभणी. योजनेच्या साहेबांनी हे मला इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्या रात्रीपासून झोपेत सामान बांधायची सवयच लागली.

पहिल्या दिवशी साहेब भाऊंना म्हणाले, "बाई आहे. चावी फिरेल का हिच्याच्यानं?"

"चावी ताकदीनं फिरत न्हाई साहेब, धीरानं फिरती," भाऊ म्हणाले.

मला रडूच आलं. ताकद होती माझ्याकडे, हापसे मारून मारून आलेली. धीर तेवढा नव्हता.

भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला. "गाता येतं का?"

"भीमगीतं म्हणते, भाऊ. विहारात. पण मागच्या रांगेतून."

"मग झालं. काय नाव म्हनलीस? ऱ्हाऊ दे. कुटनं आलीस? परभनी? मग परभनीच."

तेव्हापासून मी परभणी. त्यांच्या तोंडून माझं खरं नाव मी एकदाच ऐकलं, ते पुढे सांगते.

गाण्याचा प्रश्न का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. फेरे मोजायचे असतात आणि घाबरले की माझे आकडे पळतात. सातानंतर मला सरळ नऊ येतो. पहिल्याच वॉलला मी तीनदा चुकले. भाऊ रागावले नाहीत, वैतागले नाहीत, झाकणावर बसले आणि तंबाखूऐवजी बडीशेप तोंडात टाकत म्हणाले, "मलाबी आकडे न्हाई जमत. मी गानी मोजतो." त्यांचं म्हणणं असं की आकडा डोक्यात राहतो आणि डोकं कधीही फिरतं, चाल हातात राहते. म्हणून चौतीस वर्षांत त्यांनी एकेका वॉलला चर्चमधलं एकेक गाणं नेमून दिलं होतं. पहिल्याला दोन कडवी. तिसऱ्याला एक कडवं आणि ध्रुवपद. एका मात्रेला एक फेरा असा काही त्यांचा हिशेब होता, तो मला कधी सांगता यायचा नाही, पण गाता येतो. सगळी वस्ती हे ओळखून होती. किराणावाले हमीदचाचा दुकान उघडता उघडता ओरडायचे, "अहो, हंडे काढा! शांतवन दुसऱ्या कडव्यावर आला."

मी घाबरत विचारलं, "भाऊ, आम्ही बौद्ध. तुमच्या देवाची गाणी मी म्हटली तर चालतंय का?"

"तुला कोन किरिस्ताव करतंय? मी वॉल शिकवाय आलोय. तुजी गानी घाल की हवं तर. फेरे बराबर बसले म्हंजी झालं."

मी घालून बघितली. आमच्या गाण्यांची चाल कशी, पाय आपोआप उचलतात. चौथ्या वॉलपर्यंत येईतो वरच्या आळीत कुणाच्या तरी नळाची तोटी उडाली. भाऊंनी ती जाऊन बसवली, परत आले आणि म्हणाले, "परभनी, ह्या चालीवर मोर्चा निगंल गं. पानी न्हाई निगायचं." मग मी त्यांचीच शिकले.

असा येशू ख्रिस्ताचा वध आधी माझ्या हातांना कळला, मग कानांना, आणि डोक्यात सगळ्यात शेवटी शिरला. चौथ्या वॉलच्या गाण्यात वधस्तंभ हा शब्द येतो. तीन आठवडे मी तो नुसता फिरवत होते. एक दिवस विचारलं.

"वधस्तंभ म्हंजी क्रूस," भाऊ म्हणाले. "त्याच्यावर त्याला खिळलं. हातापायात खिळं मारून."

"कुणी?"

"आपन."

"मी तर नव्हते तिथं."

"मीबी न्हवतो. तरी आपनच." आणि पुढच्या वॉलकडे चालायला लागले. मला ते काही पटलं नाही. मनात म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या भानगडीत हे मला कशाला ओढतात. आधीच माझी तीन महिन्यांची उमेदवारी चालू आहे.

सहावा वॉल चर्चच्या आळीचा. तिथे रस्त्याखाली इंग्रजांच्या वेळचा बिडाचा पाइप आहे, शिशाच्या जोडांचा. म्हातारा पाइप. भाऊ त्याला "आजोबा" म्हणायचे. त्याला अर्धंच पाणी झेपतं, म्हणून त्या वॉलला पूर्ण गाणं नाही, एकच ओळ. येशू उठला त्या आनंदाची ओळ, उड्या मारत जाणारी, सहा फेऱ्यांत संपणारी. "हितं एकच वळ, परभनी. आजोबाला आनंद सोसतो, पर थोडाच." हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल.

नऊ वॉल झाले की दुसरा कुणी घरी गेला असता. भाऊ रोज सोनूआजीच्या नळापर्यंत चालत जायचे. वस्तीचा शेवटचा नळ. तिथे पाण्याखाली तळहात धरायचे, धार बघायचे, मग वळायचे. धार बारीक असली तर परत वर जाऊन एखाद्या वॉलला पाव फेरा. सोनूआजी दारातून म्हणायची, "आलं रे बाबा पानी, जा आता घरला." त्यांना तिचं सांगणं पुरायचं नाही, हात ओला व्हायला लागायचा. "वरच्याला इचारून काय उपेग," ते म्हणायचे, "त्याला मिळनारच. शेवटच्या नळाला इचारायचं."

आता त्यांच्या चर्चमधलं सांगायला हवं. येशूला वधस्तंभावर दिलं त्या दिवसाला ते उत्तम शुक्रवार म्हणतात. बारा ते तीन उपासना असते, तेवढा वेळ तो वधस्तंभावर तळमळला म्हणून. मरता मरता तो सात वेळा बोलला. त्या सात बोलांवर मंडळीतली सात माणसं सात-सात मिनिटं बोलतात. पाचवा बोल तहानेचा. तहान लागली, एवढंच म्हणाला तो. आणि हा पाचवा बोल वर्षानुवर्षं शांतवनभाऊंचा. पाणी सोडणाऱ्याला तहानेवर बोलायला सांगायचं, हे आधीच्या कुणा पाळकसाहेबांना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, सुचलं, आणि मग तो बोल काही भाऊंनी सोडला नाही.

सात मिनिटांत मात्र ते कधी मावले नाहीत. एका वर्षी बावीस मिनिटं झाली म्हणे, तेव्हाचे पाळकसाहेब मागून कोट ओढत होते. दुसऱ्या एका वर्षी भाऊ प्रभूच्या तहानेवरून सुरू झाले आणि नळाला चोरून मोटर लावून शेजाऱ्याचं पाणी खेचणाऱ्यांवर आले. नाव घेतलं नाही. पण दोन बाकांकडे इतका वेळ बघत राहिले की त्या दोन घरच्या मोटरी ईस्टरच्या आत निघाल्या. मार्थामावशी हे सांगताना पदर तोंडावर धरून हसायच्या. "मी म्हनते याला, अरे तू उपदेश करतुस का मीटर वाचतुस!"

यंदाचे पाळकसाहेब तरुण, पुण्याहून आलेले. ते मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावणार होते. भाऊंचं तर हे निवृत्तीचं वर्ष, त्यातून मुलगी देहूरोडला, निवृत्त झाल्यावर तिकडेच राहायला जायचं ठरलेलं. म्हणजे आपल्या चर्चमधला बहुतेक शेवटचा पाचवा बोल. महिनाभर ते वॉल फिरवता फिरवता माझ्यावर सराव करायचे.

"आयक. समुद्र केला कुनी? त्यानं. नद्या कुनी केल्या? त्यानं. आन त्यालाच तान लागली. का?"

"पाणी सोडलं नसेल कुणी," मी म्हणायचे.

"गप. तो वरनंच वॉल सोडून मोकळा झाला असता. देवाला काय अवघड? पर न्हाई. तो खाली आला. शेवटच्या नळाला आला, तितं रिकामा हंडा घिऊन हुबा ऱ्हायला. ज्याला कायबी मिळत न्हाई त्याच्या जागंवर. आन आपलं सगळं वंगाळ, चुकल्याली, फिटनार न्हाई आसलं, सगळं स्वताच्या अंगावर घितलं आन तितंच मेला. कळलं का?"

"थोडं."

"सात मिन्टात एवढं बसंल का?"

"नाही बसायचं, भाऊ."

एकदा मी धीर करून विचारलं, "देव मेला त्या दिवसाला तुम्ही उत्तम का म्हणता? आमच्याकडे दुःखाच्या दिवसाला कुणी उत्तम म्हणणार नाही."

भाऊंनी चावी थांबवली. "मार्थानं आमची पोरगी जनली तवा मरता मरता वाचली. पोरीनं इचारलं, आई, माजा वाढदिवस चांगला का वंगाळ? तर काय सांगावं तिनं?" मग चावी पुन्हा फिरायला लागली. मला तो प्रश्न अजून पुरतो.

तो शुक्रवार आला तेव्हा माझे तीन महिने संपायला नऊ दिवस होते. भाऊ आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, दुसऱ्या दिवशी तीनच्या घंटेपर्यंत. दरवर्षीचा नेम. सकाळी पांढरा सदरा, काळा कोट घालून आले आणि चावी माझ्या हातात दिली. "आज तू एकटी. वरचे पाच सकाळचेच. चर्चच्या आळीला साडेआकराला सोड, लोकं हंडे भरून उपासनेला जातील. भ्यायचं न्हाई."

भ्यायचं नाही म्हटलं की मी जास्त भिते. तरी पाच वॉल बरोबर गेले. दुसऱ्या कडव्याला हमीदचाचांनी हंड्यांची आरोळी दिली, तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. मग सहाव्या वॉलशी आले. झाकण काढलं, चावी बसवली. चर्चच्या दारात पांढऱ्या कपड्यातली माणसं मान खाली घालून उभी. आणि मला त्या वॉलची ओळ आठवली, उड्या मारणारी.

त्यांच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत भाऊ आनंदाची गाणी म्हणत नाहीत. त्या दिवसांत सहाव्या वॉलला ते ती ओळ नुसती गुणगुणायचे, शब्दांशिवाय. माझ्या मनात आलं, आज तर यांच्या घरी मयत आहे. आज गुणगुणणंसुद्धा बरं दिसत नाही. आपण परक्या, आपण तरी यांचा मान राखावा. म्हणून मी ती ओळ गायलेच नाही. चौथ्या वॉलचं दुःखाचं गाणं आठवलं, वधस्तंभाचं, त्याचीच एक ओळ हळू आवाजात गायले. एकच ओळ. एकच सांगितली होती ना.

पण ती ओळ किती लांब असते ते गाताना कळत नाही. सहा फेऱ्यांच्या जागी चौदा झाले.

आजोबाला तेवढं सोसलं नाही. पाऊण तास त्यानं दम धरला. सव्वाबाराला, आत पहिला बोल चालू असताना, चर्चसमोरचा रस्ता फुगला आणि फाटला. पाणी दारापर्यंत उडालं. पायरीवरच्या चपला उतारावरून चालायला लागल्या. मी धावत जाऊन वॉल बंद केला आणि तिथेच खाली बसले. डोळ्यांपुढे परभणीची गाडी.

भाऊ बाहेर आले. खड्ड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कोट काढून चर्चच्या कुंपणावर टाकला.

"किती फेरं दिलंस?"

"एकच ओळ गायले, भाऊ."

"कुटली?"

मी सांगितलं. का तेही सांगितलं. भाऊंनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता मारतात की काय. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. आवाज न करता, कारण आत उपासना चालू होती.

"हत्यारांची पिशवी आन," म्हणाले. "आन रडू नगं. हितं पानी कमी हाय का?"

शिशाचा जोड सुटला होता. खड्ड्यात मांडीएवढं पाणी साचलेलं. ते मी बादलीनं उपसत होते आणि भाऊ आत उतरून छिन्नीहातोड्यानं शिसं पुन्हा बसवत होते. माणूस कालपासून पाण्याविना, ओठ पांढरे पडलेले, आणि कमरेपासून खाली सगळं पाणीच पाणी. मी बाटली पुढे केली. मान हलवली त्यांनी. "तीन वाजू दे." आतून पाळकसाहेब दोनदा बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "साळवेभाऊ, दहा मिनिटांत तुमचा पाचवा बोल. थोडं काम थांबवून आत येता का?"

भाऊंनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं, कारण मी अगदी जवळ होते. चौतीस वर्षांत एक वर्ष चुकलं नव्हतं, आणि हे शेवटचं.

"जोड बसल्याबिगर सोडता येत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "पानी बंद हाय. खालच्या तीन वाड्या कोरड्या हायत. सोनूआजीच्या नळाला सकाळधरनं थेंब न्हाई." आणि हातोडा उचलला.

आत काय झालं ते मला नंतर मार्थामावशींनी सांगितलं. पाचव्या बोलाची वेळ आली. पाळकसाहेब उभे राहिले, खिशातला मोबाइल काढला, परत ठेवला. म्हणाले, आपण बसून राहू. मग सगळी मंडळी नुसती बसली. बाहेरून हातोड्याचा आवाज येत होता, लोखंडावर लोखंड. पुन्हा, पुन्हा. कुणी खोकललं नाही. मावशी म्हणाल्या, "येवडी वर्सं मी आयकत आले गं, खिळं मारलं, खिळं मारलं. कानांनी आत्ताच आयकलं." सात मिनिटं झाली असतील, चौदाही झाली असतील. त्या दिवशी गजर कुणी लावला नव्हता.

तीनची घंटा झाली. जोड बसला होता. भाऊ हातावर जोर देऊन वर आले, चिखलानं माखलेले, आणि माझ्याकडे हात केला. "आन गं आता पानी."

मी बाटली दिली. रिकामी.

मला खरंच कळलं नव्हतं. घाबरले की माझा घसा कोरडा पडतो. बादली उपसता उपसता, एकेक घोट करत मी सगळी बाटली संपवली होती. त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. आणि चर्चच्या आळीच्या नळाला पाणी नव्हतं, कारण वॉल मीच बंद केला होता.

भाऊंनी बाटली उलटी केली. एक थेंब पडला. मग ते जे हसले, ते चर्चमधून बाहेर येणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं. "बग परभनी," म्हणाले, "म्हनलं न्हवतं का तुला? आपनच!"

मार्थामावशींनी घरून तांब्या आणला, मला कोरडी साडीही आणली.

साडेतीनला साहेब आले. रस्ता बघून त्यांचं तोंड उतरलं. वरून विचारणा होणार होती. "वॉल कुणी सोडला?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण भाऊ पुढे झाले. खोटं ते बोलत नाहीत, कुणासाठीच नाही. म्हणाले, "सोडला सुमननं." तेव्हा मी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. "पर तिला आकडे शिकवायचे त्या जागी गानी मी शिकवली. आज कुटलं गानं म्हनायचं ते सांगायचं मी इसरलो. शिकनाऱ्याला एकटं सोडून कोट घालून मी बसलो. कागदावर कुनाचं नाव लिवायचं असंल तर माजं लिवा. तिला ठेवून घ्या. आसली चूक ती परत करनार न्हाई, आन आसल्या कारनानं चुकनारं मानूस तुमाला परत मिळनार न्हाई."

साहेबांनी त्यांचं नाव लिहिलं. मेमो आला. मे अखेरीला योजनेच्या समितीकडून भाऊंचा जाहीर सत्कार ठरला होता, शाल, श्रीफळ आणि रस्त्यावर मोठा फलक. फलकासाठी त्यांनी कोट घालून फोटोसुद्धा काढून ठेवला होता. मेमोवाल्या माणसाचा सत्कार कसा करायचा, म्हणून तो रद्द झाला. माझं काम पक्कं झालं.

मी त्यांच्या घरी जाऊन रडले. म्हटलं, "भाऊ, तुमच्या येशूनं केलं तसंच तुम्ही माझ्यासाठी केलंत."

भाऊ पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "खुळी का काय! त्याची आन माजी बराबरी करतीस? मी मेमो घेतला आन सांजच्याला मटन-भाकर खाल्ली. शाल गेली, ती मेमध्ये घालून घामानंच मेलो असतो. नारळ गेला, मला दात कुटं हायत? त्यानं जीव दिला. आन कुनासाठी? जे खिळं मारत हुते त्यांच्यासाठीबी. म्या तर तुज्यासारख्या चांगल्या पोरीसाठी दोन वळी लिवून घेतल्या."

"मग मी फेडू कसं?"

"फिटत न्हाई ते. फिटत न्हाई म्हनून तर त्यानं केलं. आमचा सगळा धरम त्येवडाच हाय. फुकट मिळालं म्हनायचं, आन पुडच्याचं पानी सोडायचं."

मावशी आतून ओरडल्या, "सात मिन्टं झाली! च्या निवला!"

तो कोटातला फोटो मावशींनी चौकटीत घालून भिंतीवर लावला. सोनूआजी एक नारळ घेऊन काठी टेकत आली आणि स्वतः फोडून, बारीक किसून भाऊंना दिला. सत्कार झाला तो तेवढाच.

मेच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी सहाव्या वॉलशी होते. भाऊंचा टेम्पो देहूरोडकडे निघाला. मागे कपाट, पलंग, पुढे ड्रायव्हरशेजारी मावशी, आणि खिडकीशी भाऊ. मी चावी बसवलेली होती. टेम्पो हळू झाला. भाऊंनी अर्धं अंग बाहेर काढलं.

"एकच वळ गं, परभनी!"

"कुठली, भाऊ?" मी मुद्दाम विचारलं.

भाऊ गायलाच लागले. उड्या मारत जाणारी ती ओळ, भर रस्त्यात, दात नसलेल्या तोंडानं. मी त्यांच्या आवाजावर चावी फिरवली. सहावा फेरा झाला तेव्हा टेम्पो वळणावर गेला होता. मी तिथेच थांबले. आजोबाला काही झालं नाही.

आता टाकीखालच्या खोलीत राहतो आम्ही. रोज शेवटी सोनूआजीच्या नळाखाली हात धरून येते. भाऊ, फिटत नाही हे तुम्हीच शिकवलंत आणि तुमचं मी मोडणार नाही. पण येत्या उत्तम शुक्रवारी मावशींना घेऊन तुम्ही आपल्या चर्चला येणार, तसा निरोप पाळकसाहेबांनी धाडलाय, पाचवा बोल तुमचाच ठेवलाय. तीनची घंटा व्हायच्या आत मी पायरीशी उभी असेन, हातात भरलेला तांब्या. कितीही घाबरले, कितीही घसा सुकला तरी त्यातला घोट घेणार नाही. पहिलं पाणी त्या दिवशी माझ्या हातचं प्यायचं, भाऊ. एवढं मी देणार म्हणजे देणारच.